पाचवी गोष्ट

पोटापाण्यासाठी माणसं काय काय करतात! कुणी पूल रंगवतं, कुणी दुसऱ्यांचे दात उपटतं. ही बाई बावीस वर्षं गोष्टी सांगत होती, आणि त्याही चारच. चारही इतक्या छोट्या की बसची वाट बघता बघता सगळ्या संपाव्यात. मोठ्या रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर स्मरणशक्तीची तपासणी आणि त्यावरचं संशोधन चालायचं. तिथल्या डाव्या हाताच्या छोट्या खोलीत ती समोरच्या माणसाला पंचवीस तुकड्यांची, म्हणजे पंचवीस बारीक तपशिलांची, एक गोष्ट वाचून दाखवायची आणि म्हणायची, "आता जे जे आठवतंय ते सांगा." समोरचा सांगायचा, ती तुकडे मोजायची. अर्ध्या तासानं पुन्हा तोच प्रश्न. त्या अर्ध्या तासात कुणाच्या डोक्यातून किती तुकडे गळाले, यावरून डॉक्टरांना पुष्कळ काही कळायचं. सगळं रुग्णालय तिला गोष्टवाल्या बाई म्हणायचं, आणि ती त्यावर खूश होती.

गोष्ट वाचणं म्हणजे काय मोठं, असं वाटेल. वाचून बघा. चाळीस सेकंद, एक कमी नाही की एक जास्त नाही. कुठल्या शब्दावर जोर द्यायचा नाही, कारण जोर दिलेला शब्द ऐकणाऱ्याच्या डोक्यात चिकटून बसतो आणि मोजमाप बिघडतं. डोळे मोठे करायचे नाहीत, भुवई उडवायची नाही. बेकरीवाल्याचा कुत्रा हरवला हे अशा आवाजात सांगायचं की हरवला काय आणि सापडला काय, आपल्याला घेणं ना देणं. मूळची बोलघेवडी, हातवारे करणारी ही बाई. नोकरीला लागली तेव्हा तिचं पहिलं वाचन एकोणतीस सेकंदांत संपलं होतं आणि त्यात कुत्र्याचा आवाजही काढून झाला होता.

तिला वळण लावलं ते सासूबाईंनी. सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर. ट्रंक कॉलची तीन मिनिटं म्हणजे तीनच मिनिटं, मग बोलणारा रडत असो नाहीतर हसत असो. त्या बाईंचा कान म्हणजे तराजू. तिचा नवरा तरणतलावावर पोहण्याच्या शर्यतींची वेळ नोंदवायचा, त्याचं जादा घड्याळ घरात पडून होतं. सासूबाई ते हातात घेऊन स्वयंपाकघरात मटार सोलत बसायच्या आणि सून ओट्याशी उभी राहून गोष्ट म्हणायची.

"त्रेचाळीस. परत."

"आई, भाजी करपेल."

"करपू दे. आणि 'बेकरीवाला' म्हणताना तुला त्याची दया आली. दया नको. परत."

एकेक गोष्ट पन्नास पन्नास वेळा झाली असेल. चाचणीचे कागद खोलीबाहेर न्यायचे नाहीत, गोष्टी कुणाला सांगायच्या नाहीत, असा कडक नियम होता. पण कागद तिनं कुठे नेले होते? डोक्यात होतं ते नेलं होतं. डोकं काय खोलीत ठेवून यायचं? तेव्हा तिनं स्वतःची अशी समजूत घातली आणि पुढे विसरूनही गेली. काही महिन्यांत ती अशी तयार झाली की दुसऱ्या रुग्णालयांतून माणसं तिचं वाचन ऐकायला यायची.

मग बावीस वर्षं गेली. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या झाल्या. एका सकाळी घरी दोन प्लंबर आले. दोघांनाही सासूबाईंनीच बोलावलं होतं, दोन तासांच्या अंतरानं, एकाच गळक्या नळासाठी. दोघे न्हाणीघरात एकमेकांकडे संशयानं बघत उभे. सासूबाई हसल्या, सून हसली, नवरा तर पोट धरून हसला. पण शहरातले शेकडो नंबर तोंडपाठ असणाऱ्या बाईंनी पुढच्याच आठवड्यात एका भाचीला सकाळभरात तीनदा फोन करून तोच निरोप दिला, तेव्हा कुणी हसलं नाही. गोष्टवालीला तर हसू फुटणं शक्यच नव्हतं. विसरण्याच्या आजाराची सुरुवात कशी होते हे तिनं हजारो वेळा पाहिलं होतं.

नेमकं त्याच महिन्यात तिसऱ्या मजल्यावर नवं संशोधन सुरू होत होतं. दोन वर्षं चालणार. नवं औषध, मेंदूचे फोटो, दर सहा महिन्यांनी चाचणी, आणि सतत लक्ष. आजार बरा होईल असं कुणीच म्हणत नव्हतं. उतार हळू होईल, एवढी आशा होती. पण त्यात घ्यायची होती ती फक्त पहिल्या पायरीवरची माणसं. अर्ध्या तासानंतरच्या आठवणीत पंचवीसपैकी चार ते दहा तुकडे आले तरच प्रवेश. चारच्या खाली म्हणजे उशीर झाला, दहाच्या वर म्हणजे तुम्हाला काही झालेलंच नाही, घरी जा. यादीत एक जागा उरली होती आणि शुक्रवारी पाच वाजता यादी बंद होणार होती.

सोमवारी ती सासूबाईंना घेऊन गेली. घरच्या माणसाची चाचणी घरच्यानं घ्यायची नाही, म्हणून ती बाहेर थांबली. चाचणी घेतली तिच्या सहकारी बाईनं. कानावर कायम पेन्सिल असायची म्हणून सगळे त्या बाईला पेन्सिलबाई म्हणत. तासाभरानं दार उघडलं आणि पेन्सिलबाई जवळजवळ नाचतच बाहेर आली.

"पंचवीसपैकी पंचवीस! दोन्ही वेळा! अहो, तुमच्या सासूबाई म्हणजे कमाल आहे. मी बारा वर्षांत एकदाही पंचवीस बघितले नाहीत!"

झालं. नर्सनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याला फोन गेला, तो तिकडे तरणतलावावर ओरडला. सासूबाई पर्स पोटाशी धरून मान हलवत होत्या. गोष्टवालीला आभाळ ठेंगणं झालं. दोन प्लंबर, तीन फोन, सगळं आपल्या मनाचे खेळ! जेवणाच्या सुट्टीत कौतुकानं तिनं चाचणीचं रेकॉर्डिंग कानाला लावलं.

"एका बेकरीवाल्याचा तपकिरी कुत्रा," सासूबाईंचा आवाज आला, मग बारीकसा श्वास, मग "रविवारी दुपारी बाजारात हरवला."

तिच्या हातातला घास हातातच राहिला. माणसं अशी आठवत नाहीत. माणसं म्हणतात, कुणीतरी बेकरीवाला होता बाई, त्याचं कुत्रं की मांजर हरवलं म्हणे. इथे शब्दाला शब्द होता. आणि तो श्वास! 'कुत्रा'नंतरचा तो श्वास तिचा होता. तिथे श्वास घे म्हणजे बरोबर चाळीस सेकंद होतात, हे सासूबाईंनीच ओट्याशी उभं करून शिकवलं होतं. सासूबाईंना गोष्ट आठवली नव्हती. ती त्यांना पाठ होती. आणि नुसती हीच नाही, चारही.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. रोज दहा जणांना विचारायची, ही गोष्ट आधी ऐकली आहे का? घरच्या माणसाला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं सासूबाईंच्या शेजारी बसून हळूच विचारलं, "आई, आज ती गोष्ट ओळखीची वाटली का हो तुम्हाला?"

"ओळखीची म्हणजे? पहिल्या शब्दाला ओळखली."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगते की! म्हणजे तुझ्या नोकरीवर गदा. सुनेनं घरी आणून म्हटली होती, असं त्या पेन्सिलीला सांगू?" सासूबाईंनी पदर सारखा केला. "एकदा वाटलं, मुद्दाम चुकावं. पण खोटं चुकायचं तरी किती? दोन चुका की दहा? ते मला कुठे माहीत! आणि काय सांगू, म्हणायला लागले आणि ती इतकी छान आठवत गेली ना, मला थांबवेना. किती दिवसांनी काहीतरी सगळंच्या सगळं आठवलं."

मग त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं की गेल्या गुरुवारी त्या बसथांब्यावर पाऊण तास उभ्या होत्या. बसेस येत होत्या, जात होत्या. आपली कुठली ते आठवेना आणि विचारायची लाज वाटली. शेवटी चालत आल्या. सुनेला रडू आवरेना. सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "रडतेस काय? काहीतरी कर."

मंगळवारी सकाळी ती विभागप्रमुखांच्या खोलीत उभी होती. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. उंचीनं त्या सगळ्यांत लहान, पण आवाज असा की लिफ्टमध्ये बोलल्या तर दोन मजल्यांवर ऐकू जावं. गोष्टवालीची पाचावर धारण बसली होती, तरी तिनं सगळं सांगून टाकलं. मटार, घड्याळ, पन्नास वेळा, तो श्वास, तो बसथांबा, सगळं.

मोठ्या बाई आधी लाल झाल्या. "बावीस वर्षं! बावीस वर्षं तुम्ही नव्या लोकांना शिकवताय की चाचणी म्हणजे तिजोरी!" मग त्या उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या, आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. "काय म्हणालात? श्वाससुद्धा तिथेच?"

"तिथेच."

"म्हणजे गुरुवारची बस गेली, आणि बावीस वर्षांपूर्वीचा श्वास तसाच राहिला!" त्यांनी टेबलावर हात आपटला. "जुनं घट्ट असतं, नवं टिकत नाही. आपण व्याख्यानांत सांगतो ते हेच. तुमची चूक आहेच, लेखी समज मिळेल, ती तुम्ही फ्रेम करून लावा. पण त्यांची खरी चाचणी झालेली नाही, हे नक्की. त्यांना नवी गोष्ट पाहिजे. कुणी कधीच न ऐकलेली."

"पण गोष्टी चारच आहेत, बाई."

"मग पाचवी लिहा. संशोधनाच्या नियमांत आहे की. नवी गोष्ट चालते, फक्त ती आधी तीस निरोगी म्हाताऱ्यांवर चालवून बघायची. जुन्या गोष्टींत निरोगी माणसाला सरासरी चौदा तुकडे आठवतात. हिच्यातही साधारण तेवढेच आले पाहिजेत. आज मंगळवार. शुक्रवारी दुपारपर्यंत आणा."

"तीस म्हातारे? तीन दिवसांत?"

"तुम्ही अजून इथेच उभ्या आहात?" मोठ्या बाई म्हणाल्या.

गोष्टवालीला घाम फुटला, पण खरं सांगायचं तर अंगात वारंही शिरलं. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या गोष्टी तोंड कोरं ठेवून वाचल्या होत्या. आता स्वतःची लिहायची होती! जिन्याच्या पायरीवर बसून तिनं तासाभरात लिहूनही काढली. एक शिंपी बोटीतून भावाच्या आजारी मुलीला भेटायला निघतो. तिच्यासाठी कोट शिवलेला. पोरगी शेवटच्या घटका मोजतेय, शिंपी वाटेत कोटावर अश्रू ढाळतोय. लिहिता लिहिता तिचे स्वतःचे डोळे भरून आले.

दुपारी पहिले सहा म्हातारे मिळाले, कर्मचाऱ्यांचेच आईवडील. सहाही जणांना वीसच्या वर तुकडे आठवले. एक आजी तर अर्ध्या तासानं गोष्ट सांगता सांगता रडल्या आणि विचारू लागल्या की पोरगी वाचली का.

मोठ्या बाईंनी आकडे बघितले, गोष्ट वाचली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "फार सुंदर लिहिली आहे. म्हणूनच नापास. ज्यानं काळीज हलतं ते डोक्यातून जात नाही. जरा वाईट लिहा."

आयुष्यात पहिल्यांदा कुणाला कौतुक ऐकून एवढं वाईट वाटलं असेल. तिनं पोरीचा आजार काढला. अश्रू काढले. गोड शेवटसुद्धा काढा, असं मोठ्या बाई म्हणत होत्या, पण तिथे ती अडून बसली. "एवढं राहू द्या. सासूबाईंसाठी लिहिलेली गोष्ट मी अर्ध्यावर सोडणार नाही." शेवटी गोष्ट ठरली ती अशी:

मंगळवारी सकाळी एक शिंपी बोटीतून भावाकडे निघाला. त्याच्याजवळ एक निळी पेटी होती. पेटीत भावाच्या मुलीसाठी शिवलेला लोकरीचा कोट होता. वाटेत बोटीचं इंजिन बंद पडलं. सगळे दोन तास उन्हात बसून राहिले. किनारा आल्यावर घाईघाईत शिंपी पेटी बोटीतच विसरला. नावाडी पेटी घेऊन त्याच्यामागे धावला आणि ती त्याच्या हातात दिली. संध्याकाळी मुलीनं कोट घातला.

वाचायला बरोबर चाळीस सेकंद. या वेळी घड्याळ पेन्सिलबाईच्या हातात होतं.

आता म्हातारे! पासष्टच्या वरचे, धडधाकट, स्मरणशक्तीची तक्रार नसलेले, आणि अर्धा तास एका जागी बसायला तयार. बुधवारी सकाळी नवऱ्यानं तरणतलावावरून सात आजोबा आणले. केस ओले, खांद्यावर टॉवेल, आणि सगळे स्पर्धेला आल्यासारखे. "त्याला किती मिळाले?" हाच प्रश्न प्रत्येकाचा. ग्रंथालयाच्या वाचनकक्षातून चार जण आले, रुग्णालयाचा निवृत्त लिफ्टमन आपल्या बायकोला आणि मेव्हणीला घेऊन आला. एक निवृत्त वकील गोष्टीवरच अडला. "नावाड्यानं पेटी दिली याला साक्षीदार कोण?" एका आजींनी सगळं आठवून वर स्वतःची भर घातली, की कोट मुलीला तोकडा झाला. एका आजोबांना ऐकूच कमी येत होतं. ते बाद झाले आणि रागावून निघून गेले. डावीकडच्या खोलीत गोष्टवाली, उजवीकडच्या खोलीत पेन्सिलबाई. एक आत, एक बाहेर, एक अर्ध्या तासासाठी बाकावर. ज्यांचं झालं आणि ज्यांचं व्हायचंय ते एकमेकांशी बोलू नयेत म्हणून मोठ्या बाई स्वतः मधे खुर्ची टाकून बसल्या. गुरुवारी संध्याकाळी आकडा अठ्ठावीसवर पोचला होता.

घरात मात्र ती ताकास तूर लागू देत नव्हती. सासूबाईंना एवढंच माहीत होतं की शुक्रवारी पुन्हा जायचं आहे. पण खालच्या मजल्यावरचे काका बुधवारच्या सात आजोबांत होते. गुरुवारी संध्याकाळी ते कपडे बदलून, केस विंचरून वर आले आणि सासूबाईंसमोर खुर्ची ओढून बसले.

"वहिनी, तुमच्या सुनेनं काल काय झकास गोष्ट सांगितली! एक शिं—"

गोष्टवाली स्वयंपाकघरातून अशी आली की बशी तिच्या आधी आली. "काका, बिस्किट!" आणि काकांच्या उघड्या तोंडात तिनं ते कोंबलंच. काका चावत चावत तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांनी घाबरून दुसरं बिस्किट स्वतःच घेतलं.

"काय गोष्ट?" सासूबाई म्हणाल्या.

"हवापाण्याची," काका भरल्या तोंडानं म्हणाले.

शुक्रवारी सकाळी शेवटचे दोघे झाले. तिसांची सरासरी निघाली चौदा पूर्णांक दोन. मोठ्या बाईंनी कागद डोक्यावर धरून खोलीत एक गिरकी घेतली, आणि ही गिरकी ज्यांनी पाहिली त्यांच्यापैकी कुणाचाही त्यावर अजून विश्वास बसलेला नाही.

दुपारी तीनला सासूबाई आत बसल्या. समोर पेन्सिलबाई. गोष्टवाली शेजारच्या खोलीत काचेआड, आतलं बोलणं ऐकू येईल अशी सोय होती. मोठ्या बाई तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. पेन्सिलबाईनं गोष्ट वाचली. लगेचच्या आठवणीत सासूबाईंनी अकरा तुकडे सांगितले. मग अर्धा तास त्या चौकोन जुळवत होत्या, चित्रं ओळखत होत्या. काचेआड गोष्टवालीच्या मनाचे हाल काय सांगावेत! बावीस वर्षं समोरच्याला जास्तीत जास्त आठवावं अशी तिची मनोमन इच्छा असायची. आज तिला जास्त आठवायला नको होतं, आणि कमी आठवलं तर मरणच होतं. दहाच्या वर गेल्या तर दार बंद, चारच्या खाली आल्या तर दार बंद. ती देवाकडे नेमकं काय मागत होती ते तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

"आजी," पेन्सिलबाई म्हणाली, "मघाशी मी एक गोष्ट वाचली होती. त्यातलं जे जे आठवतंय ते सांगा."

"गोष्ट?" सासूबाईंनी भुवया उचलल्या. "वाचली होतीत का?"

गोष्टवालीनं काचेच्या चौकटीची कड घट्ट धरली. दहाच्या वरची भीती क्षणात संपली होती. आता फक्त खालची उरली.

"थांबा हं. एक माणूस होता. शिंपी होता." पेन्सिलीची खूण झाली. एक. "त्याच्याजवळ काहीतरी होतं. पेटी. पेटी होती." दोन. भिंतीवरचं घड्याळ तेवढं चालत होतं. "आणि ती तो विसरला. हो, विसरला ती कुठेतरी." तीन.

कुठे विसरला, हे विचारायची पेन्सिलबाईला मुभा नव्हती. नियमाप्रमाणे ती एकदाच विचारू शकत होती, आणि ते तिनं विचारलं. "आणखी काही?"

सासूबाईंनी खाली बघितलं. पर्सची साखळी लावली. पर्स मांडीवर घेतली. घरी निघताना त्या असंच करायच्या. 'बस, एवढंच' असं त्या म्हणाल्या की चाचणी संपणार होती. गोष्टवालीच्या तोंडचं पाणी पळालं. एक शब्द, आई! बोट म्हणा, कोट म्हणा, ऊन म्हणा, मंगळवार म्हणा!

"बस," सासूबाई म्हणाल्या. पेन्सिलबाईचा हात कागद उलटा करायला निघाला. "बस, ते आठवतंय पण धरता येत नाहीये, थांबा जरा. आवाज होता काहीतरी. घरघर चालली होती आणि एकदम थांबली. लाइन तुटल्यावर होतं ना, तशी शांतता झाली." त्यांनी डोळे मिटले. "इंजिन! बोटीचं इंजिन बंद पडलं!"

चार! आणि बोट धरून पाच!

काचेआड गोष्टवालीनं मोठ्या बाईंना मिठी मारली. विभागप्रमुखांना मिठी मारायची नसते हे तिच्या नंतर लक्षात आलं, पण तोवर मोठ्या बाईंनीच तिला जमिनीपासून वीतभर उचललं होतं. त्या एवढ्याशा बाईत एवढं बळ कुठून आलं देव जाणे. पावणेपाचला यादीत सासूबाईंचं नाव चढलं. नवऱ्याला फोन गेला आणि तो या वेळी ओरडला नाही.

निघताना मोठ्या बाईंनी तिला दारात गाठलं. आवाज शक्य तेवढा हळू केला. "आता नीट ऐका. त्यांच्यासाठी ही एकच गोष्ट उरली आहे. सहा महिन्यांनी हीच वाचणार, दोन वर्षं हीच. घरात एक शब्द जरी फुटला तर त्यांचं मोजमाप संपलं, आणि संशोधनातली जागाही."

"नाही फुटणार," गोष्टवाली म्हणाली.

बसमध्ये दोघींना पुढची जागा मिळाली. सासूबाई खिडकीशी बसल्या, पर्स मांडीवर.

"पास झाले का गं मी?"

"झालात, आई."

"किती पडले?"

"पाच."

"पंचवीसपैकी पाच आणि पास? कसली शाळा आहे तुमची!" दोघी इतक्या हसल्या की कंडक्टरनं वळून बघितलं. हसून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पण काय गं, त्या शिंप्याला पेटी मिळाली का शेवटी?"

सुनेनं तोंड उघडलं. नावाडी पेटी घेऊन धावत आला आणि थेट तिच्या जिभेवर उभा राहिला. हा शेवट तिनं भांडून ठेवून घेतला होता, या एका माणसासाठी.

"नाही सांगता येणार, आई."

सासूबाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम."

दोन थांबे गेले. "मी म्हणते, त्याला ती पेटी मिळाली का गं?" सासूबाईंनी विचारलं, अगदी पहिल्यांदाच विचारल्यासारखं.

"नाही सांगता येणार, आई."

बस चौकात थांबली. माणसं चढली, उतरली. सासूबाई बाहेर बघत होत्या. "बिचारा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "रिकाम्या हातानं घरी गेला असेल. भावाच्या पोरीला काय सांगितलं असेल त्यानं?"

भावाची पोरगी! गोष्टवाली जागच्या जागी ताठ झाली. ही खोलीत आलीच नव्हती. पेन्सिलबाईच्या कागदावर नव्हती, काचेआडून कितीही आळवलं तरी आली नव्हती, आणि आता इथे, बसमध्ये, कुणी विचारलं नसताना आली होती. सहावा तुकडा! तो आत कुठेतरी होता, गेलेला नव्हता. कुणी तो मोजणार नव्हतं, कुठल्या कागदावर चढणार नव्हता, पण होता! तिला उभं राहून अख्ख्या बसला सांगावंसं वाटलं. आणि शाब्बास म्हणायचीही सोय नव्हती. शाब्बास म्हटलं की त्यांना कळलं असतं, पोरगी बरोबर आहे.

ती समोर बघत राहिली आणि सासूबाईंचा हात तिनं हातात घेतला.

"अगं, केवढ्यानं दाबतेस," सासूबाई म्हणाल्या. "दुखतंय मला."